कात्रीचं घर

ड्रायव्हरबाईंनी सत्तावीस वर्षं शहराची बस चालवली आणि सत्तावीस वर्षांत एकदाही कुणाला वाट विचारली नाही. विचारणं म्हणजे कमीपणा, असं त्यांचं सरळ मत. अशा बाईवर निवृत्तीनंतर कसली पाळी यावी, तर एका मुलीला ‘राहा’ म्हणण्याची. तेवढे दोन अक्षरांचे बोल काढता काढता बाईंना घाम फुटला. कसा, ते ऐका.

मुलगी म्हणजे त्यांची सून. मुलगा मालवाहू बोटीवर मेकॅनिक. लग्न केलं, दोन महिने घरी राहिला आणि आठ महिन्यांच्या सफरीवर निघून गेला. मागे उरल्या या दोघी. एकीच्या तोंडाला ब्रेक नाही आणि दुसरीचं तोंड उघडत नाही. तरी घर चाललं, कारण सासू संध्याकाळच्या पाळीला निघायची आणि सून चष्म्याच्या दुकानातून त्याच वेळी यायची. भेट व्हायची ती जिन्यात, एक चढताना आणि एक उतरताना. जिन्यात कोण भांडतंय.

सुनेला भरतकामाचा नाद होता. दुकानातून आली, चहा झाला की रिंगमध्ये कापड ताणायचं आणि बसायचं. बटवे, केसांचे पट्टे, पुस्तकात घालायच्या खुणा, साडीपिनेवर लावायची फुलं, असल्या मूठभर वस्तू. विकायच्या नाहीत, मिरवायच्या नाहीत. कुणाला आवडली तर त्याला देऊन टाकायची आणि पुढची घ्यायची हातात.

लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात ती बाहेरच्या खोलीत खिडकीपाशी असं काम घेऊन बसली होती. ड्रायव्हरबाई पाळीवरून आल्या, बूट काढता काढता म्हणाल्या, “चार दिवस झाले या बटव्याला. एवढ्यात माझी बस आख्ख्या शहराला चाळीस फेऱ्या मारून आली. दुकानात आयता मिळतो की.” त्यांनी आपली गंमत केली होती. डेपोत सगळे असंच बोलायचे, आणि जो असं बोलत नाही त्याचं काहीतरी बिनसलंय असं समजायचे. सून हसली, रिंग उचलली आणि दुसऱ्या दिवसापासून आतल्या खोलीत बसायला लागली. दार आपटलं नाही, कडी लावली नाही, नुसतं ओढून घेतलं. आपटलं असतं तर बाईंना कळलं तरी असतं.

मग बाई निवृत्त झाल्या. हार झाला, भाषण झालं, भिंतीवरचं घड्याळ मिळालं. आता दिवसभर त्या, ते घड्याळ आणि संध्याकाळी ओढून घेतलेलं दार. महिना नाही उलटला तोच सून एका रविवारी समोर येऊन उभी राहिली.

“आई, दुकानातल्या मैत्रिणीच्या शेजारची खोली रिकामी झालीय. या महिन्याच्या शेवटच्या रविवारी तिकडे जाते म्हणते. हे परत येईपर्यंत. तुम्हालाही मोकळं वाटेल.”

मोकळं कुणाला हवं होतं? ती मुलगी ड्रायव्हरबाईंना आवडत होती. तिचं आत गुणगुणणं आवडत होतं, पायरीवर चपला जोडीनं लावून ठेवणं आवडत होतं. पण हे बोलायची सवय कुठे होती? तोंडातून निघालं काय, तर, “बरं. जाताना किल्ली तेवढी ठेवून जा.”

आता या जिभेला काय म्हणावं तुम्हीच सांगा. सून मान हलवून आत गेली आणि बाई स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून उभ्या राहिल्या. तीन आठवडे हातात होते. बोलून जमणार नाही हे त्यांना ठाऊक होतं, तेव्हा करून काय दाखवता येईल याचा त्या विचार करू लागल्या.

आणि त्यांना ती कात्री आठवली. सुनेची दोरे कापायची कात्री, बोटभर लांब, टोकं सुईसारखी. ती पोर ती कात्री मुलाच्या जुन्या, जोडीदार हरवलेल्या मोज्यात गुंडाळून ठेवायची. स्वतःच्या हातानं जगाला बटवे वाटणारी पोर, आणि तिची कात्री मोज्यात. बाईंनी ठरवलं, या कात्रीला आपण घर शिवायचं, हातानं, त्यावर भरतकाम करून. ते तिच्या हातात ठेवलं की ती काय ते समजेल.

शिवायचं खरं, पण बाईंना शर्टाचं बटण लावता येत नव्हतं.

बाजारात सुई-दोऱ्याचं एक अरुंद दुकान होतं. तिथल्या मावशी मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी माळ्यावर शिकवणी घ्यायच्या. ड्रायव्हरबाई लाकडी जिना दणदणवत वर गेल्या. चार-पाच बाया माना खाली घालून बसल्या होत्या, त्या दचकल्या.

“काय शिकायचंय?” मावशींनी विचारलं.

“जे लवकर येतं ते.”

“तसलं काही ठेवत नाही आम्ही,” मावशी म्हणाल्या. “बसा.”

बाई बसल्या आणि रिंग दोन्ही हातांनी अशी गच्च धरली, जशी काही चढावर गाडी लावलीय. मावशी जरा वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “एक हात मोकळा करा बाई. सुई मी धरू का?”

जन्मभर दोनशे फूट पुढचं बघायची सवय. नाकासमोरचं दिसेना. सुईत दोरा ओवायला दहा मिनिटं लागायची, म्हणून बाईंनी शक्कल काढली आणि हातभराऐवजी दोन हात दोरा घेतला, म्हणजे पुन्हा ओवणं नको. त्याच्या अशा गाठी पडल्या की मावशींनी मुकाट्यानं कात्री चालवली. दोरा सहा पदरी असतो आणि त्यातले दोनच पदर सुटे करून घ्यायचे असतात, हे समजायला एक मंगळवार गेला. दोरा घट्ट ओढला की कापड सुरकुततं, हे समजायला एक शुक्रवार. साखळीटाक्यानं पहिलं पान भरलं, ते बेडकासारखं दिसलं. शेजारची बाई म्हणाली, “छान आहे बेडूक.” बाई म्हणाल्या, “पान आहे.” ती म्हणाली, “पानावर बसलाय का?”

पण गंमत बघा. अपमान होऊनही बाईंना मजा यायला लागली. सुई खाली जायची, वर यायची, मागे दोऱ्याची एक कडी पडायची, त्या कडीतून दुसरी. तिसऱ्या दिवशी पाच कड्या एकसारख्या आल्या आणि ड्रायव्हरबाई लहान पोरीसारख्या खूश झाल्या. दोनला बसल्या, वर बघतात तर पाच वाजलेले. सत्तावीस वर्षं ज्यांनी मिनिटामिनिटाचा हिशेब ठेवला, त्यांचे तीन तास कुठे गेले ते कळलं नाही. घरी जाताना त्या बेडूक-पानाचा तुकडा पर्समधून काढून दोनदा बघितला. बस थांब्यावर ओळखीचा कंडक्टर भेटला, त्यालाही दाखवला. तो म्हणाला, “बेडूक ना?” तरी राग आला नाही.

दुसऱ्या आठवड्यात मावशींनी विचारलं की हे कात्रीचं घर कोणासाठी. बाईंनी सांगितलं. मावशी सुई हातात धरून थांबल्या.

“चष्म्याच्या दुकानातली ना? सावकाश बोलणारी? अहो, ती माझं गिऱ्हाईक. तिच्यासारखे गाठीचे टाके मलाही येत नाहीत. काखेत कळसा आणि गावाला वळसा तुमचा! घरी शिकायचं सोडून माझा जिना मोडताय.”

“ती जाणार आहे,” बाई म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज कधी नव्हे तो बारीक झाला. मावशींनी हातातली सुई टोचून ठेवली. फेल्टचं जाड कापड काढलं, कात्रीच्या मापाचे जिभेच्या आकाराचे दोन तुकडे बेतून दिले आणि म्हणाल्या, “वरच्या तुकड्यावर भरा काय भरायचं ते. मग दोन्ही कडेनं जोडा. तोंड मात्र उघडं ठेवा.”

बाईंनी वर बस भरली. दुसरं काय येत होतं त्यांना? हिरवी बस, पिवळ्या खिडक्या, दोन चाकं. एक चाक दुसऱ्यापेक्षा मोठं झालं, पण रस्त्यावर अशा गाड्या त्यांनी पाहिल्या होत्या.

शेवटचा रविवार उजाडला तरी कडा जोडायच्या राहिल्याच होत्या. टेम्पो अकराला यायचा होता. साडेदहा वाजता सून आत खोकी बांधत होती आणि ड्रायव्हरबाई घरातल्या गाऊनवर, खिडकीपाशी कोचावर बसून घाईघाईनं कड शिवायला बघत होत्या. तेवढ्यात आतलं दार उघडलं. बाईंनी काम झटकन मांडीखाली सरकवलं आणि सुई जिथे टोचायची तिथे टोचली.

“आई गं!”

“काय झालं?”

“काही नाही.”

सुनेनं कोचाच्या कडेवरून लोंबणारा दोरा पाहिला. “काही नाही, तर त्याला दोरा कसा?”

आता लपवणार काय? बाईंनी मांडीखालून ऐवज काढला. सुनेनं तो हातात घेतला आणि आधी बस पाहिलीच नाही, भरतकामवाल्या बायका करतात तसं उलटा करून मागची बाजू बघितली. मागे गाठी, लोंबकळणारी टोकं, इकडून तिकडे गेलेले दोरे, सगळा बाजार.

“तिकडून नको बघू,” बाई म्हणाल्या.

“तिकडूनच कळतं.” तिनं एका गाठीवरून बोट फिरवलं. “हे तुम्ही केलंत?”

“नाही, बोटीवरून आलंय. मीच केलं. कड राहिलीय. जमत नाहीये.”

“कोणासाठी?”

“आहे कुणीतरी.”

सून पुढे आली. कोचावर शेजारी बसली, गुडघ्याला गुडघा लागेल इतकी जवळ, आणि कात्रीच्या घराचं खालचं टोक स्वतःच्या घेरदार स्कर्टवर धरलं. वरचं टोक बाईंच्या गाऊनवर. “कडेला काजाचा टाका घालायचा. सुई खाली, दोरा सुईच्या मागून, आता ओढा. हळू. ब्रेक कसा मारता तुम्ही? तसं.”

असं कुणी समजावलंच नव्हतं. बाईंनी हळू ओढलं आणि दोरा कडेवर अलगद बसला. दुसरा टाका. तिसरा. मापात.

“आई, पहिल्या दिवशी बस चालवताना भीती वाटली होती?” सुनेनं विचारलं. एवढ्या महिन्यांत तिनं विचारलेला हा पहिला प्रश्न.

“भीती कसली? वळण चुकले,” बाई म्हणाल्या. “डावीकडे जायचं, उजवीकडे गेले. गाडीत चाळीस माणसं. कंडक्टर म्हणतो, थांबवा, कुणाला तरी विचारू. मी म्हटलं, विचारायचं काय, रस्ता बंद आहे, वळसा घेतेय. वळसा घेत घेत गेले ती थेट सिमेंटच्या गोदामात. मागे फाटक बंद झालं.”

“मग?”

“मग काय. चाळीस माणसं गोदामात. एक आजोबा तेवढे खाली उतरले आणि माझ्या पाया पडायला आले. त्यांचं घर गोदामाला लागून होतं. म्हणाले, तीस वर्षं अर्ज करतोय, इथवर बस आणा म्हणून.”

सून हसली. नुसते ओठ हलवून नाही, चांगली खांदे उडवून हसली. बाईंची सुई थांबली नाही. हातानं काय चाललंय याकडे त्यांचं लक्षच नव्हतं, आणि त्यामुळेच बहुधा टाके असे पडत होते की मावशींनी पाहिले असते तर जिन्याचं दणदणणं माफ केलं असतं.

“आणि माझ्या सायकलीत रोज हवा कोण भरतं?” सुनेनं मध्येच विचारलं.

“मला काय माहीत?”

“चाकं पुसलेलीसुद्धा असतात.”

“पाऊस पुसत असेल,” बाई म्हणाल्या आणि शेवटचा टाका घातला, गाठ मारली, दोरा तोडला. “झालं!”

त्यांनी मोठ्या ऐटीत कात्रीचं घर वर उचललं. ते वर आलं. त्याच्याबरोबर त्यांचा गाऊन वर आला आणि सुनेचा स्कर्टही वर आला. दोघींनी खाली बघितलं. अर्धे टाके फेल्टमधून थेट गाऊनमध्ये गेले होते आणि अर्धे फेल्टमधून स्कर्टमध्ये. मांडीवर काम घेणाऱ्या प्रत्येक नवशिक्या बाईनं एकदा तरी स्वतःला शिवून घेतलेलं असतं. पण सासूनं सुनेला शिवून टाकल्याचं मावशींच्या माळ्यावरसुद्धा कुणी ऐकलं नव्हतं.

आणि तेवढ्यात घंटा वाजली.

दोघी एकदम उठल्या, एकदम बसल्या, पुन्हा उठल्या. मग खेकड्यासारख्या आडव्या चालत दारापर्यंत गेल्या. दारात कानाला पेन्सिल लावलेला टेम्पोवाला. तो या दोघींकडे, त्यांच्या मधल्या गोळा झालेल्या कपड्यांकडे बघत राहिला.

“काही लागलंय का तुम्हाला?”

“नाही, शिवलंय,” बाई म्हणाल्या, आणि सुनेला हसू आवरेना. हसता हसता ती खाली बसायला लागली तशा बाईही तिच्याबरोबर खाली गेल्या.

शेवटी तशाच आडव्या आत जाऊन तिनं मोज्यातून कात्री काढली. बाईंनी मान वळवली. “काप टाके. घालीन पुन्हा.”

सून टाके मोजत होती. “बावीस. बावीसच्या बावीस एका मापाचे. हे नाही कापायचे, आई.”

“मग काय जन्मभर असंच राहायचं?”

तिनं कात्री स्वतःच्या स्कर्टला लावली आणि टाक्यांच्या कडेकडेनं गोल कापून काढलं. चांगला नवा स्कर्ट. मग बाईंचा गाऊन. बाई ‘अगं, अगं’ म्हणेपर्यंत दोघी सुट्या झाल्या. एकीच्या स्कर्टला आणि दुसरीच्या गाऊनला तळहाताएवढी भोकं, आणि कात्रीच्या घराला मागून गाऊनचं आणि स्कर्टचं ठिगळ.

“घे,” बाई म्हणाल्या. “तुझ्याच कात्रीसाठी आहे. मोज्यात ठेवतेस, मला बघवत नाही.”

सुनेनं कात्री आत सरकवली. नीट बसली. तिनं बसवरून, दोन कमीजास्त चाकांवरून अंगठा फिरवला, आणि डोळे पुसून टेम्पोवाल्याला म्हणाली, “आतल्या खोलीत चार खोकी आहेत, दादा.”

टेम्पोवाला आत गेला. आणि ड्रायव्हरबाईंच्या लक्षात आलं की घोडं पेंड कुठे खातंय. तीन आठवडे त्यांनी धरून ठेवलं होतं की ही वस्तू हातात पडली की मुलगी समजून जाईल. पण जाणाऱ्या माणसालाही लोक वस्तू देतातच की. दारात दिलेली भेट ‘राहा’ म्हणते आणि ‘सुखाने जा’ही म्हणते, ती ऐकणाऱ्यानं कसं ओळखायचं? शिवण्यानं जेवढं सांगता येतं तेवढं सांगून झालं होतं. आता जोडणारा दोराही नव्हता. टेम्पोवाला पहिलं खोकं पोटाशी धरून बाहेर येत होता.

“ते खाली ठेवा,” त्या टेम्पोवाल्याला म्हणाल्या. आवाज इतका मोठा लागला की तो जागच्या जागी थांबला. मग त्या सुनेकडे वळल्या. “जाऊ नकोस. राहा इथे. मला तू घरात हवी आहेस. मला बोलता येत नाही धड, बोलते ते टोचतं, ते मला कळतं, पण उशिरा कळतं. तू आत दार ओढून बसतेस तेव्हा मी इथे बसून तुझं गुणगुणणं ऐकते. टीव्ही बंद करून ऐकते. राहा गं.”

सुनेनं कात्रीचं घर छातीशी धरलं. मग म्हणाली, “तीन आठवडे वाट बघितली मी. म्हटलं, एकदा तरी म्हणतील, कशाला जातेस. तुम्ही किल्ली मागितलीत.”

“मूर्ख आहे मी.”

“आहात,” सून म्हणाली.

बाईंनी डोळे वटारले. सुनेनंही वटारले. आणि मग दोघी भोकं पडलेल्या कपड्यांनिशी एकमेकींच्या गळ्यात पडल्या. बाई रडत होत्या, हसतही होत्या, आणि त्यातलं कुठलंच लपवायला जात नव्हत्या.

“मग मी निघू का?” टेम्पोवाल्यानं खोक्यामागून विचारलं.

“नाही, नाही, दादा,” सून म्हणाली. “सामान हलवायचंच आहे. हे खोकं इथे, खिडकीपाशी ठेवा. दोऱ्यांचंही इथेच. कपड्यांची दोन राहू देत आत.”

“आणि टेम्पो?”

“त्याला राहू दे खाली,” ड्रायव्हरबाई नाक पुसत म्हणाल्या. “तिरका लावलाय तुम्ही. मी मगाशीच बघितलं वरून.”

त्यानं दोन खोकी खिडकीपाशी ठेवली, चहा घेतला, कात्रीचं घर हातात घेऊन पाहिलं आणि बस ओळखली. बेडूक म्हणाला नाही. तेवढ्यानं बाईंनी त्याला दुसरा कप दिला.

तेवढ्यात सुनेचा फोन वाजला. तिची मैत्रीण होती, खोलीच्या दारात खोळंबली होती. निघालीस का, केव्हाची थांबलेय, असं काहीसं ती विचारत असावी.

“नाही येत गं,” सून म्हणाली. “आई राहा म्हणाल्या.”

मैत्रिणीला ते पहिल्यांदाच नीट ऐकू गेलं असणार. तरी सुनेनं पुन्हा एकदा, चांगलं मोठ्यानं सांगितलं, “राहा म्हणाल्या मला.”